साठ चिठ्ठ्या, एकच वचन

पाळकसाहेबांनी पेटीत चिमटा घातला, तेव्हा मी आयुष्यातली पहिली मनापासूनची प्रार्थना केली. म्हटलं, देवा, आत्ताच्या आत्ता वीज घालव. आमच्या पिंपळदऱ्यात संध्याकाळी तीन-तीनदा वीज जायची, कुणी न मागता जायची. त्या शुक्रवारी मी मागितली, तर बल्ब लख्ख जळत राहिला.

पाळकसाहेबांनी चिठ्ठीची सुरळी उलगडली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आधी मनातल्या मनात वाचून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"मोठ्यानं वाचा ना साहेब," हार्मोनियमचा भाता सोडून मनोहरमास्तर म्हणाले.

रेव्हरंड शांतवन ओहोळ यांना मूळव्याध होती. हे साऱ्या मिशन कंपाउंडला ठाऊक होतं, कारण गेली दोन वर्षं ते पंचकमिटीची मीटिंगसुद्धा उभ्यानं घेत. पण पाळकाच्या असल्या दुखण्याचं नाव कुणी तोंडावर घेत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि वाचलं. धडधाकट माणसाला वैद्य लागत नाही, आजाऱ्याला लागतो, अशा अर्थाचं ते शुभवर्तमानातलं वचन होतं.

"आमेन," मंडळी म्हणाली, पण जरा दबकूनच.

वचनांची पेटी आता मनोहरमास्तरांकडे सरकली. तिच्यात साठ चिठ्ठ्या होत्या आणि साठही चिठ्ठ्यांवर हेच वचन होतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं, कारण त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

मी काही लहान नव्हते. सव्वीस वर्षांची होते, जिल्ह्याच्या गावी मिशन दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आणि हा उद्योग मी पूर्ण शुद्धीत केला होता. त्याला कारण माझी आई.

माझी आई डोरकसबाई सोनवणे ही पिंपळदऱ्याची बायबलबाई. म्हणजे मिशनच्या पगारावर घरोघर हिंडायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मेलेल्याला आंघोळ घालायची. ती हे काम चोख करायची. फक्त तिला एक खोड होती. तिच्याशी देव बोलायचा. सणावारी नव्हे, रोज. सकाळी उठून प्रभू तिला सांगायचा की आज मेथी नको, गवार आण. साडेसातची एसटी सोड, नऊची धर. मला बी.ए. करायचं होतं, तर प्रभू म्हणाला नर्सिंग. मला सांगून आलेली तीन स्थळं प्रभूनं परत पाठवली, त्यातलं एक केवळ मुलाच्या आईकडे पाहून. वडील होते तोवर तेही वाद घालत नसत. शाळामास्तर माणूस, पण पुढून देव आला की ते पेपर उघडून बसत. मला मात्र लहानपणापासून एक गोष्ट खटकायची. या प्रभूच्या सगळ्या आवडीनिवडी माझ्या आईच्याच होत्या. शेपूची भाजी त्यालाही आवडत नसे.

त्या नाताळात मी घरी आले होते, तेव्हा आईनं मला न्हाणीत बोलावलं. माझा हात धरला, छातीच्या डाव्या बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे काय असेल गं?"

सुपारीएवढी गाठ होती.

"काढून तपासायला पाहिजे," मी म्हटलं. "माझ्याबरोबरच चल."

"बघते. प्रभूला विचारते."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी निकाल आला. प्रभू नको म्हणाला होता.

मी रडले, भांडले, दवाखान्यातल्या केसेस सांगितल्या. आई पोळ्या लाटत राहिली. भाऊ असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, नवरा असता तर वकील केला असता. पण देव म्हणतो नको, यावर माणूस बोलणार काय? जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. दर पत्रात ओळ असायची, 'गाठ आहे तेवढीच आहे, काळजी नसावी.' शेवटी मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, महिन्याच्या आत आणा. नंतर आणायचं असेल तर आणूच नका."

तेव्हा मी ठरवलं की आईला देवाशिवाय कुणाचं ऐकायचं नसेल, तर देवाकडूनच बोलवून घ्यायचं.

आईजवळ वचनांची पेटी होती. मायदेशी परत जाताना मिशनच्या मडमेनं तिला दिलेली, पाटीच्या पेन्सिलींच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, लाकडी. आत बिडीसारख्या वळलेल्या चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर एक वचन. रोज चहाआधी आई डोळे मिटून चिमट्यानं एक उचलायची, ती तिची त्या दिवसाची आज्ञा. बाकी वेळी देव तिच्या कानात काय बोलतो ते तपासायची सोय नव्हती, पण ही चिठ्ठी तरी कागदावर असायची. दुपारच्या ड्युटीला पेशंट डोळे मिटून पडले की मी लिहायला बसे. साठ चिठ्ठ्या लिहिता लिहिता माझं मनगट भरून आलं. चाळीसच्या पुढं तर माझंच मला वाचून हसू यायला लागलं, की यातून ज्याला वैद्य लागणार नाही तोही आजारी पडेल.

गुरुवारी चार दिवसांची रजा घेऊन मी घरी पोचले. आई कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली. मी जुन्या चिठ्ठ्या काढून ट्रंकेत टाकल्या, नव्या लावल्या आणि साळसूदासारखी भांडी घासायला बसले.

शुक्रवारी सकाळी आईनं चहा टाकला. पेटी फडताळात तशीच.

"आज वचन नाही काढलंस?" मी विचारलं.

"उपास आहे. उपासाच्या दिवशी मी त्याच्या तोंडी लागत नाही."

एवढं बोलून तिनं दोन कप चहा घेतला. मी म्हटलं ठीक आहे, उद्या काढेल. पण दुपारी बाराला मनोहरमास्तर सायकलवरून आले. त्या शुक्रवारची प्रार्थनासभा त्यांच्या घरी होती, आणि सकाळीच त्यांच्या नातवाला गोवर निघाला होता. "बाई, सभा तुमच्याकडे घेऊ का?" आई म्हणाली घ्या. सभा आमच्या घरी असली की शेवटच्या प्रार्थनेआधी आईची पेटी सगळ्यांत फिरते, प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची, आमेन म्हणायचं आणि मग चहापोहे. ज्याचं घर, त्याची पाळी शेवटी.

जुन्या चिठ्ठ्या परत घालायच्या तर ट्रंक बाहेरच्या खोलीत कॉटखाली होती. दोन वाजताच बायका सतरंज्या घालायला आणि कांदे चिरायला आल्या, आणि मास्तरांच्या लीलाबाई कॉटवर बसल्या त्या बसल्याच. त्यांचे गुडघे धरलेले, एकदा बसल्या की पोत्यासारख्या, हलायच्या नाहीत. मी चिमटा तरी लपवला. तो पाळकसाहेबांनी आल्या आल्या शोधून काढला.

तर पेटी मास्तरांकडे आली. मास्तरांनी चिठ्ठी काढली, वाचली आणि हसले. "माझीपण तीच आली की. दोन सारख्या पडल्यात वाटतं." त्यांना दम्याचा त्रास होता. हसता हसता खोकला आला.

तिसरी लीलाबाईंनी काढली. त्यांनी वाचली तेव्हा कुणी हसलं नाही.

"पेटी पुढं द्या," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कुणी मध्ये बोलू नका."

चौथी तीच. पाचवी तीच. सहावीला एक बाई रडायलाच लागली. त्या खोलीत चौदा माणसं होती आणि प्रत्येकाला काही ना काही दुखणं होतं. चिठ्ठी वाचली की ज्याचा त्याचा हात आपोआप दुखऱ्या जागी जायचा. मास्तरांचा छातीवर, लीलाबाईंचा गुडघ्यावर, कुणाचा डोळ्यावर, कुणाचा पोटावर. पाळकसाहेबांनी हात कुठंच नेला नाही. पाळकाला तेवढं भान ठेवावं लागतं.

मी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसले होते. देव पाहायला कुणाला वेळ लागतो, कुणाला आयुष्य लागतं. आमच्या मंडळीनं तो माझ्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत पाहिला.

दाराजवळ रूथमावशी बसायची. चर्च झाडायची, घंटा वाजवायची, विधवा बाई, मोठ्या दोन मुली देऊन झालेल्या, धाकटी घरात. सभेत ती कधी एक शब्द बोलत नसे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी घरी असले की तिची चिठ्ठी मी वाचून दाखवायची असा रिवाज होता. तिनं चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली.

इथं मला सुटायला वाट होती. शांतीबिंतीचं एखादं वचन ठोकून दिलं असतं, तर चमत्काराची हवा थोडी तरी गेली असती. मी तोंड उघडलं. समोरून आई माझ्याकडे पाहत होती, नेहमीसारखी, पापणी न हलवता. मी कागदावर होतं तेच वाचलं.

रूथमावशी पुढं वाकली. "पुन्यांदा वाच गं."

मी पुन्हा वाचलं. तिनं चिठ्ठी माझ्याकडून परत घेतली, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दातांनी घट्ट केली.

शेवटी आई. तिनं डोळे मिटले, एक चिठ्ठी उचलली, वाचली आणि उलटी करून पाहिली. पाठीमागं तांबड्या रेघा होत्या. दवाखान्यातल्या तापाच्या चार्टाचा कागद पातळ असतो, सुरळी छान वळते, शिवाय फुकट मिळतो, म्हणून मी तोच कापला होता. माझं डोकं नर्सचं होतं, चोराचं नव्हतं. आईनं वचन शांतपणे मोठ्यानं वाचलं, आमेन म्हणाली आणि पोहे आणायला उठली.

पाळकसाहेबांनी वीस मिनिटं प्रार्थना केली. चौदा माणसं आणि एक वचन, असं पिंपळदऱ्यात मिशन आल्यापासून झालं नव्हतं, हे त्यांनी देवालाही तीनदा सांगितलं. निघताना त्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं.

"सुवार्ता, तुमच्याकडे ते, म्हणजे त्या जागेचं ऑपरेशन कोण करतं? पुरुष डॉक्टर आहेत ना?"

"आहेत साहेब."

"देवाची स्तुती असो," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

सगळे गेल्यावर मी कपबश्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसली होती.

"किती लिहिल्यास?"

"साठ."

"हात दुखला असेल."

"दुखला."

"सुवार्ता, देवाच्या तोंडात आपले शब्द घालायचे नसतात. हे पाप आहे."

मी आठ वर्षांची असल्यापासून साठवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी म्हटलं, "तू दुसरं काय करतेस गं? तुला गवार पाहिजे असली की त्याला गवार पाहिजे असते. तुला मुलाची आई आवडली नाही, की त्याला स्थळ आवडत नाही. मी एकदा घातले शब्द, तू रोज घालतेस. आणि मी निदान शास्त्रातलेच घातले."

मला वाटलं होतं ती थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं हात लांब करून स्टोव्ह बंद केला.

"भाजीचं जाऊ दे," ती म्हणाली. "गाठीचं मी त्याला विचारलंच नाही."

"म्हणजे? नको म्हणाला म्हणालीस की."

"नको मी म्हणाले. त्याला विचारलं असतं तर तो जा म्हणाला असता, मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही. नाताळापासून पेटीला हात लावलेला नाही मी." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला भीती वाटते गं. मी किती बायकांना आंघोळ घातलीय, छाती काढलेल्या. मला कुणी तसं बघायला नको."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. आई घाबरते हे मला त्या दिवशी कळलं. सव्वीस वर्षांत मी फक्त प्रभूचंच ऐकत आले होते, तिचं काही कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, मला तू पाहिजेस. मला दुसरं कोण आहे? चल माझ्याबरोबर."

"हे आधी बोलली असतीस तर साठ चिठ्ठ्यांचे कष्ट वाचले असते," आई म्हणाली. मग तिनं डोळे पुसले आणि पुन्हा बायबलबाई झाली. "येते. पण एका अटीवर. रविवारी भर मंडळीत उभं राहायचं आणि सांगायचं की चिठ्ठ्या मी लिहिल्या. लोकांना फसवून मिळालेलं आयुष्य मला नको. तू सांगितलंस तर सोमवारी मी तुझ्याबरोबर एसटीत बसते. नाही सांगितलंस तर नाही."

आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रभूनं एखाद वेळी मन बदललं असेल, तिनं कधी नाही. मी कबूल झाले.

रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. पाळकसाहेब शनिवारच्या गाडीनंच दवाखान्यात भरती व्हायला गेले होते, त्यामुळे उपासना मनोहरमास्तरांनी चालवली. शुक्रवारच्या चौदा माणसांची रविवारपर्यंत चाळीस झाली होती. ज्यांनी चिठ्ठी काढली नव्हती तेसुद्धा उभं राहून साक्ष देत होते. एकाची तर दाढ त्या वचनानं आपोआप पडली होती. मी मधल्या बाकावर बसून मनात वाक्य घोळवत होते. 'मंडळी, त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, मला क्षमा करा.' आठ शब्द. आई पहिल्या बाकावर, पाठ ताठ.

"आणखी कुणाला साक्ष द्यायची आहे?" मास्तर म्हणाले.

मी उठायला बाकाला हात लावला, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "मला."

रूथमावशी उभी होती. घंटेच्या दोराजवळ, जिथं ती नेहमी बसायची तिथंच. सगळं चर्च वळून बघायला लागलं. तिचा आवाज कसा आहे हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

"म्या कधी उभी ऱ्हायले नाय," ती म्हणाली. "मला बोलता येत नाय. माझ्या अंगावर दोन वर्सं झाली, गाठ हाय. छातीत. कुनाला बोलले नाय. धाकटीचं लगीन होऊ दे म्हनलं, मग मेले तरी चालंन. लगीन ठरायच्या आधी कळलं तर पोरीला कोन करंन?" ती थांबली. पदर चाचपला. "शुक्रवारी त्यानं सांगितलं. मला येड्या बाईला एकदा सांगून कळत नाय, म्हनून दोनदा सांगितलं. उद्याच्याला म्या सुवार्तासंगं दवाखान्यात चालले. परार्थना करा."

ती खाली बसली. बायका रडत होत्या. मास्तरांना पुढचं गीत कोणतं ते सुचेना, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "आणखी कुणाला?"

मी उभी राहिले. आता ती आठ शब्दांची कबुली दिली, तर रूथमावशी पदराची गाठ सोडेल आणि मुकाट घरी जाईल. तिला परत कोण सांगणार, आणि ती का ऐकणार? आणि कबुली दिली नाही, तर आई येणार नाही. एकीला वाचवायचं तर दुसरीला घालवायचं, आणि त्यातली एक माझी आई. मी त्या वेळी देवाला काय काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी मी आई निवडली. ते लपवून काय उपयोग? मी आईच निवडली.

"मंडळी," मी म्हटलं, "शुक्रवारच्या त्या चिठ्ठ्या..."

"खाली बस," आई म्हणाली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आई, तूच म्हणालीस ना..."

"बस म्हणते ना."

मी बसले. आई उठली, मंडळीकडे तोंड केलं आणि खांद्यावरचा पदर नीट केला.

"माझ्याही छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "नाताळापासून आहे. मी तुम्हाला सगळ्यांना धीर देत हिंडते, पण मी भ्याले, म्हणून बोलले नाही. उद्या मीपण जाते." मग तिनं चर्चच्या पार दुसऱ्या टोकाला पाहिलं. "रूथ, साडेसातच्या गाडीनं जाऊ. तुला गाडी लागते, खिडकीशी तू बस."

सोमवारी आम्ही तिघी एसटीत होतो. रूथमावशी खिडकीशी बसून पहिल्या दहा मिनिटांत झोपली. मी आईला हळूच विचारलं, "अट तुझीच होती ना?"

"हो."

"मग मला बसवलंस का?"

मी उत्तराची वाट पाहत होते. उत्तर मला पाठ होतं. प्रभू म्हणाला, बसव तिला. गवारीपासून जावयापर्यंत सगळ्याला हेच उत्तर होतं.

आई पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसली होती. "माहीत नाही गं," ती म्हणाली. "मी तसं ठरवलेलं नव्हतं. बसवलं."

तिनं त्याचं नाव घेतलं नाही. जन्मापासून मी पहिल्यांदाच पाहत होते, की तिनं एक मोठी गोष्ट केली आणि त्याचं नाव घेतलं नाही. चर्चमध्ये मला कधी देवाची भीती वाटली नव्हती. ती त्या खडखडाटात वाटली, कंडक्टर तिकिटाला टिचकी मारत उभा असताना.

दवाखान्यात पाळकसाहेब जनरल वॉर्डात पालथे पडलेले भेटले. त्यांनी उशीतूनच दोघींना आशीर्वाद दिला. आईचं ऑपरेशन मंगळवारी झालं, रूथमावशीचं गुरुवारी. काढलेल्या गाठी तपासायला पुण्याला गेल्या. ते दहा दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. दोघींच्या कॉट शेजारी शेजारी होत्या, आणि आई रूथमावशीला अक्षरओळख शिकवत बसायची. तीन अक्षरं झाली, चौथ्यावर मावशी झोपी जायची.

आईची गाठ साधी निघाली. चरबीची. डॉक्टर म्हणाले, ती आणखी वीस वर्षं तशीच राहिली असती तरी बाईंना काही झालं नसतं.

रूथमावशीची साधी नव्हती. त्या आठवड्यात आली म्हणून वाचली, नाहीतर हाताबाहेर गेलं असतं. छाती काढावी लागली, पुढं मुंबईला किरणांचे लाइट घ्यावे लागले. तिला आंघोळ आईनंच घातली, रोज, महिनाभर, कुणाला मदतीला न घेता. दुसऱ्या वर्षी धाकटीचं लग्न झालं. मुलाकडच्यांना सगळं माहीत होतं, साऱ्या तालुक्यालाच माहीत होतं, आणि चमत्काराच्या घरातली मुलगी म्हणून ते उलट मिरवत होते.

आई पंधरा वर्षांनी गेली, झोपेत. शेवटपर्यंत प्रभू तिला भाजी सांगत होता. मी पुन्हा कधी त्याच्याशी वाद घातला नाही. शेपू मी दवाखान्याच्या मेसमध्ये खाऊन घ्यायची.

तिच्या मातीनंतर चार दिवसांनी मी रूथमावशीकडे गेले. मावशी अंगणात शेंगा फोडत होती, पंचाहत्तरीची, दात गेलेले, तब्येत ठणठणीत. मला राहवेना. पंधरा वर्षं ती दर नाताळाला उभी राहून तीच साक्ष देत आली होती आणि दर नाताळाला मी बाकाखाली चप्पल शोधत आले होते.

"मावशी," मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या शुक्रवारच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. साठच्या साठ. एकच वचन. देवबीव काही नव्हतं त्यात."

मावशीनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मग? त्यानं काय पेन घिऊन यायचं व्हतं?"

"तसं नाही गं. मी आईसाठी लिहिल्या होत्या. तिनं ऑपरेशन करावं म्हणून. तुझं तर माझ्या डोक्यातही नव्हतं."

आता मात्र ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, मला काही समजत नाही याचं तिला वाईट वाटत असावं तशी.

"तुझ्या आईची गाठ साधी निघाली ना?"

"हो."

"मग तिला कशाला लिहील त्यो?"